अंगणात हीटर लावताय? आधी वायर बघा

डिसेंबर-जानेवारीत नाशिकला संध्याकाळी बाहेर बसायचं तर शाल लागते, हे आपल्याला काही नवीन नाही. पण आता गंगापूर रोडचे बंगले, कॉलेज रोडचे कॅफे, धरणाच्या बाजूची फार्महाऊस, सगळीकडे ते लाल उजेडाचे इलेक्ट्रिक हीटर दिसायला लागलेत आणि यावेळी आलेले बहुतेक प्रश्न त्यांच्याबद्दलच आहेत. लोक हीटरवर आठ-दहा हजार घालतात आणि त्याच्या वायरवर पाचशे रुपये घालायला कां-कू करतात, याची मला मनापासून काळजी वाटते, म्हणून उत्तरं जरा सविस्तर देतोय.

प्रश्न : नमस्कार दादा. आमच्या मागच्या अंगणात बसायला २००० वॅटचा हॅलोजन हीटर आणलाय, भिंतीवर लावायचा. बाहेर पॉइंट नाही म्हणून हॉलमधल्या बोर्डावरून दहा मीटरचं एक्स्टेन्शन घेतलंय. चालतो मस्त, पण अर्ध्या तासाने टॉप हाताला चांगला गरम लागतो. ओळखीचा इलेक्ट्रिशियन म्हणतो एवढं होतंच, चालतं. खरंच चालतं का?
– एक वाचक, गंगापूर रोड

उत्तर : नाही चालत. आज संध्याकाळी लावू नका, बाकीचं सावकाश वाचा.

२००० वॅट भागिले २३० व्होल्ट म्हणजे ८.७ अँपिअर. घरातला छोटा पॉइंट, ज्यात आपण मोबाईलचा चार्जर लावतो, तो ६ अँपिअरचा. तुमच्या हीटरचा टॉप जाड पिनांचा असणार, १६ अँपिअरचा, आणि तो छोट्या सॉकेटात जावा म्हणून मधे कन्व्हर्टर घातला असणार, बहुतेक घरांत हेच बघायला मिळतं. त्या कन्व्हर्टरने पिन बसते, पण सॉकेटची ताकद तेवढीच राहते. हीटर ८.७ अँपिअर ओढणारच, आणि त्या लाईनला १० किंवा १६चा एमसीबी (ठरलेल्या आकड्यापेक्षा जास्त करंट गेला की लाईन तोडणारा स्विच) असेल तर तो पण गप्प बसणार कारण त्याच्या हिशोबाने काही जास्त झालेलंच नाही.

आता टॉप का गरम होतो ते बघा. पिन आणि आतल्या पितळी पट्टीची पकड सैल झाली की तिथे थोडा रेझिस्टन्स तयार होतो. समजा फक्त ०.२ ओहम. ८.७ गुणिले ८.७ गुणिले ०.२, म्हणजे साधारण १५ वॅट उष्णता एका नखाएवढ्या जागेत, म्हणजे छोट्या सोल्डरिंग आयर्नचं टोक सॉकेटमध्ये खुपसून ठेवल्यासारखं. उष्णतेने पट्टीची स्प्रिंग अजून ढिली पडते, रेझिस्टन्स अजून वाढतो, आणि हे चक्र चालू राहतं. सॉकेट नीट निरखून बघा, पिनेच्या भोकाभोवती तपकिरी कडं दिसतंय का, प्लॅस्टिक जरा फुगलंय किंवा चकाकतंय का, आणि वास घ्या, जळक्या माशासारखा वास येत असेल तर ते सॉकेट आणि तो टॉप दोन्ही फेकून द्या, सॉकेट साफ करून परत वापरायच्या भानगडीत पडू नका.

एक्स्टेन्शनचं पण तसंच. बाजारातल्या साध्या बोर्डाला पाऊणची नाहीतर एकची वायर असते (म्हणजे पाऊण किंवा एक चौरस मिलिमीटर जाडीची, पुढे अडीच आणि चार म्हणेन तेही तसंच). पाऊणच्या दहा मीटर वायरमध्ये या लोडला ४० वॅटच्या आसपास नुसती वायरच तापवण्यात जातात. वायर मोकळी पसरलेली असेल तर ती उष्णता हवेत निघून जाते, पण उरलेली वायर आपण गुंडाळून खुर्चीखाली ठेवतो ना, त्या गुंडाळ्याच्या आत ती साठत जाते आणि पीव्हीसी मऊ पडायला लागतं.

लोक विचारतात की गिझर पण २००० वॅटचाच असतो, तो कसा वर्षानुवर्षं चालतो. गिझर दहा-पंधरा मिनिटांत पाणी तापवून थर्मोस्टॅटवर बंद पडतो, आणि त्याला बहुतेक वेळा स्वतःची पॉवर लाईन असते. अंगणातला हीटर जेवणं होईपर्यंत तीन-तीन तास पूर्ण लोडवर चालतो, हा फरक फार मोठा आहे.

तर करायचं काय, डीबीपासून, म्हणजे घरातले एमसीबी जिथे असतात त्या पेटीपासून, हीटरसाठी स्वतंत्र लाईन ओढा, अडीचची तांब्याची वायर, अंतर वीस-पंचवीस मीटरच्या पुढे असेल तर चारची घ्या. तिला वेगळा १६ अँपिअरचा सी टाईप एमसीबी, त्याच्यासोबत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट कुठे गळायला लागला की सप्लाय तोडणारा), आणि दाराच्या आतल्या बाजूला डबल पोल स्विच म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा. भिंतीवर कायमचा लावणार आहात तर टॉप-सॉकेटच ठेवू नका, कंपनीच्या पत्रकात परवानगी असेल तर वायर थेट बॉक्समध्ये जोडून घ्या, तापायला एक सांधा कमी. हीटरमधून बाहेर येणारी वायर उष्णता सहन करणारी असते, ती कापून जवळच साधी पीव्हीसी जोडायची नाही, साधं पीव्हीसी ७० अंशांपर्यंतच टिकतं. जंक्शन बॉक्स हीटरच्या वर नको, बाजूला नाहीतर खाली थोडा लांब, आणि केबल बॉक्समध्ये खालून घुसली पाहिजे, आधी थोडी झोळी देऊन, म्हणजे पावसाचं पाणी वायरवरून आत न जाता झोळीच्या टोकाला गळून पडतं.

प्रश्न : आमचा जुना वाडा आहे, ओट्यावर संध्याकाळी आई बसते, वय झालंय, गुडघे धरतात. तिच्यासाठी उभा हीटर घेतला. परवा ती म्हणाली की दांडीला हात लावला की झिणझिण्या येतात. मला तर काही जाणवलं नाही, मी चप्पल घालून होतो. मनाचा खेळ असेल का?
– एक वाचक, पंचवटी

उत्तर : मनाचा खेळ अजिबात नाही. आई अनवाणी शहाबादी फरशीवर बसलेल्या, तुमच्या पायात रबरी चप्पल, म्हणून तुम्हाला कळलं नाही. त्यांनी सांगितलं हे फार बरं झालं, हीटर लगेच काढून ठेवा.

जुन्या वाड्यांत बोर्डावर तीन भोकं दिसतात पण वरच्या मोठ्या भोकाला मागे वायरच नसते, किंवा वायर असते आणि ती कुठेतरी नळाच्या पाईपला बांधलेली असते. पूर्वी लोखंडी पाईप जमिनीत खोल जायचा, आता मधेच पीव्हीसीचा तुकडा बसवलाय, म्हणजे ती अर्थिंग उरलेलीच नाही. वर एखाद्या दिवशी दोष आला की तो पाईपच जिवंत होतो आणि शेजारच्याच्या नळाला शॉक बसतो.

वायरमन बोलवा आणि योग्य अर्थिंग करून घ्या, जमिनीत इलेक्ट्रोड, तिथून डीबीपर्यंत अखंड वायर, तिथून प्रत्येक पॉवर पॉइंटला हिरवी वायर. आरसीसीबी तर लावाच, पण दोन्ही का लागतात तेही समजून घ्या. नुसता आरसीसीबी असला आणि अर्थिंग नसली तर गळणारा करंट वाट बघत बसतो, माणसाने हात लावला की मग त्याच्यातून जातो आणि तेव्हा आरसीसीबी पडतो, म्हणजे झटका बसूनच जातो. अर्थिंग असली तर दोष आला त्याच क्षणी करंट हिरव्या वायरने जमिनीत जातो आणि कुणी हात लावायच्या आधीच आरसीसीबी पडतो. एमसीबी या कामाचा नाही हे परत सांगतो. १६चा एमसीबी १६ अँपिअरच्या वर गेल्याशिवाय हलत नाही, आणि शरीरातून ३० मिलिअँपिअरपेक्षा जास्त करंट काही क्षण जरी राहिला तरी हृदयाची लय बिघडू शकते.

आणि ओट्यावर आईंच्या अगदी पायाशी हीटर नको. वयस्कर माणसांना, त्यात साखरेचा त्रास असेल तर पायाला चटका बसलेला पटकन कळत नाही. लुगड्याचा-शालीचा पदर जाळीला लागेल एवढ्या जवळ तर मुळीच नको, मीटरभर तरी लांब ठेवा, आणि हीटर असा घ्या की जो पडला की आपोआप बंद होतो.

प्रश्न : कॉलेज रोडला आमचा छोटा कॅफे आहे, बाहेर सहा टेबलं. प्रत्येक टेबलावर २००० वॅटचा एक असे सहा हीटर लावायचे आहेत, सगळ्यांचं बटण काउंटरवर हवंय. वायरमन म्हणतो एक मोठा स्विच लावू, एक चारची वायर नेऊ आणि पुढे सगळ्यांना वाटू. पोरं रात्री बंद करायला विसरतात ही वेगळीच कटकट.
– कॅफेचालक

उत्तर : सहा हीटर म्हणजे १२ किलोवॅट. एकाच फेजवर घेतलं तर ५२ अँपिअर, ते चारच्या वायरीचं काम नाही आणि एका स्विचचं तर नाहीच. सगळ्यात आधी वीजबिल काढा आणि त्यावर मंजूर भार किती लिहिलाय ते बघा. कॉफी मशीन, फ्रीज, ओव्हन, एसी यांनी तो आधीच भरला असेल तर महावितरणकडे भार वाढवायचा अर्ज द्यावा लागेल, आणि हे थ्री फेजवरच करायचं काम आहे.

थ्री फेजवर दोन-दोन हीटर एका फेजला, म्हणजे प्रत्येक फेजवर १७.४ अँपिअर. प्रत्येक हीटरला स्वतःची अडीचची लाईन आणि स्वतःचा एमसीबी, म्हणजे एका हीटरला काही झालं तर बाकी पाच चालू राहतात. एमसीबी सी टाईप का ते सांगतो. हॅलोजनच्या नळीतली तार थंड असताना तिचा रेझिस्टन्स गरम असतानाच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढाच असतो, म्हणून चालू करताना क्षणभर दहापट करंट जातो. बी टाईप घेतला तर तो उगाच पडायची शक्यता जास्त, मग वायरमन वैतागून २५चा किंवा ३२चा लावून मोकळा होतो आणि अडीचच्या वायरीचं संरक्षणच जातं. याच कारणाने सहाही हीटर एकदम चालू करू नका, थोडे थोडे सेकंद सोडून एकेक रांग चालू व्हावी अशी सोय करा. आरसीसीबी सुद्धा सहांना मिळून एक नको, निदान दोन-दोन हीटरमागे एक ठेवा, नाहीतर एका ओल्या हीटरपायी अख्खं अंगण थंड पडेल.

काउंटरवर बटण हवं असेल तर कॉन्टॅक्टर वापरा, म्हणजे छोट्या बटणाने चालणारा मोठा स्विच. काउंटरवरचं छोटं बटण फक्त कॉन्टॅक्टरच्या कॉइलला सप्लाय देतं, जड करंट आत पॅनेलमध्येच जातो-येतो. कॉन्टॅक्टरच्या लेबलवर दोन-तीन रेटिंग असतात, हीटरसारख्या लोडसाठी एसी-१ चा आकडा बघायचा, आणि हॅलोजन आहे म्हणून त्यातही चांगली सैल जागा ठेवायची, अगदी काठावरचा घ्यायचा नाही. एका रांगेला एक कॉन्टॅक्टर ठेवलात तर दोनच टेबलं भरलेली असताना दोनच हीटर चालवता येतात.

विसरण्यावर उपाय टायमर. टेबलाजवळ किंवा काउंटरवर पुश बटण, दाबलं की वीस-तीस मिनिटं हीटर चालतो आणि आपोआप बंद. गिऱ्हाईक अजून बसलं असेल तर पोरगा परत दाबतो. पोरांना ओरडून हे सुटत नाही हो, दिवसभर उभी असतात ती, रात्री बाराला कुणाच्या लक्षात राहणार. वरून एक मेन ठेवा, जो शटर ओढताना बंद केला की हीटरचा सगळा सप्लायच जातो.

थ्री फेजमधली एक गोष्ट मात्र वायरमनशी समोर बसून बोला, ती म्हणजे न्यूट्रल. तिन्ही फेजवर सारखा लोड असला की न्यूट्रलमध्ये जवळजवळ काहीच करंट नसतो, म्हणून लोक बारीक वायर टाकतात किंवा सांधा ढिला राहिला तरी महिनोन् महिने कळत नाही. मग एके दिवशी एक रांग बंद असते, लोड वाकडा होतो, न्यूट्रल सुटतो, आणि ज्या फेजवर लोड कमी तिथे व्होल्टेज ३०० च्या पुढे सुद्धा जाऊ शकतं. हीटरला फार काही होत नाही, पण त्याच फेजवरचा फ्रीज आणि बिलिंगचं मशीन जळतं. न्यूट्रल फेजएवढाच जाड घ्या, टोकाला लग (वायरच्या टोकाची धातूची टोपी) दाबून, स्क्रू नीट आवळून, आणि हीटरचा लोड सुरू केल्यावर आठवडाभराने सगळे स्क्रू परत एकदा बघून घ्या, अर्थात मेन बंद करून.

प्रश्न : हीटर कमी-जास्त करायला पंख्याचा रेग्युलेटर किंवा लाईटचा डिमर चालेल का? आणि माझ्याकडे वायफायवाला स्मार्ट प्लग आहे १६ अँपिअरचा, तो लावला तर घरी यायच्या आधीच मोबाईलवरून गच्ची गरम करून ठेवता येईल. मोशन सेन्सर पण बघतोय.
– एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : पंख्याचा रेग्युलेटर पंख्यासाठीच, आणि घरातला डिमर साधारण तीनशे-चारशे वॅटचा असतो. दोन हजार वॅट त्यावर टाकलेत तर तो तिथेच जळेल.

हीटर कमी-जास्त करायचे दोन-तीन रस्ते आहेत. सगळ्यात सरळ म्हणजे दोन नळ्यांचा हीटर आणि दोन बटणं, एक लावली की अर्धी उष्णता, त्यात बिघडायला काही नाही, मला स्वतःला हाच रस्ता आवडतो. दुसरा म्हणजे हीटरसाठीच बनवलेला कंट्रोलर, मागे ॲल्युमिनियमचं हीट सिंक असलेला, त्यावर किती वॅटपर्यंत आणि कुठल्या हीटरसाठी ते लिहिलेलं असतं. तो लावणार असाल तर दोन गोष्टी सांभाळा. असा कंट्रोलर करंटची लाट मधेच कापतो, त्यामुळे गळतीचा करंटसुद्धा सरळ लाटेचा राहत नाही आणि एसी टाईपचा साधा आरसीसीबी तो ओळखेलच असं नाही, म्हणून ए टाईपचा घ्यायचा. आणि थ्री फेजवर असे कंट्रोलर लावले की न्यूट्रलमधले करंट एकमेकांना मारत नाहीत, उलट काही भाग साठत जातो, तेव्हा वर कॅफेवाल्यांना सांगितलेलं न्यूट्रलचं प्रकरण इथे दुप्पट महत्त्वाचं. काही कंट्रोलर काही क्षण चालू, काही क्षण बंद अशा पद्धतीचे असतात, ते सिरॅमिक हीटरला चांगले, पण हॅलोजनला लावले तर अंगण सतत लुकलुकत राहतं, जेवण नको होतं. आणि कुणी डायोड टाकून अर्धा करून देतो म्हणाला तर सरळ नाही म्हणा.

थर्मोस्टॅट कुणी विचारला नाही पण दुकानदार गळ्यात मारतात म्हणून सांगतो. हे हीटर हवा तापवत नाहीत, ऊन जसं अंगाला लागतं तशी यांची उष्णता थेट माणसाला लागते. मोकळ्या गच्चीवर थर्मोस्टॅटला थंड हवाच लागत राहणार, तो कधी बंद करणारच नाही. बाहेर टायमरच हवा.

स्मार्ट प्लगबद्दल. त्यावर १६ अँपिअर लिहिलेलं असलं तरी आत एक छोटासा रिले असतो. हॅलोजनचा तो पहिला झटका रोज खाऊन त्याचे पॉइंट कधीतरी एकमेकांना चिकटतात, मग ॲपवर बंद दिसतं आणि वर हीटर चालूच असतो. शिवाय ते प्लग घरात वापरायचे, गच्चीच्या दवात नाही. पण माझा खरा आक्षेप वेगळा आहे. तुम्ही नाशिक रोडवरून येताना बटण दाबणार, आणि गच्चीवर हीटरसमोर काय आहे हे तुम्हाला माहीत नाही, दुपारी कुणीतरी दोरीवर गोधडी वाळत घातलेली असेल, वाऱ्याने ताडपत्री येऊन अडकलेली असेल. समोर माणूस नसताना हीटर चालू करायचाच नाही. हॅलोजन एक-दोन सेकंदात पूर्ण उष्णता देतो, आधीपासून तापवून ठेवायची गरजच नसते.

मोशन सेन्सर चांगली गोष्ट आहे, माणसं उठून गेली की बंद. फक्त त्यातून हीटरचा करंट थेट नेऊ नका, सेन्सरने कॉन्टॅक्टर चालवावा आणि कॉन्टॅक्टरने हीटर. सेन्सर उष्णतेवरच चालतो, तेव्हा त्याचं तोंड हीटरकडे नको. आणि रिमोटवाला हीटर असेल तर लक्षात ठेवा, रिमोटने बंद केला तरी आत सप्लाय असतोच. नळी बदलताना, पुसताना डबल पोल स्विच बंद पाहिजे.

प्रश्न : पावसाळाभर हीटर पत्र्याच्या शेडमध्ये झाकून ठेवला होता. दिवाळीनंतर काढला, चालू केला की आरसीसीबी पडतो. एमसीबी पडत नाही. वायरमनने आरसीसीबीला बायपास करून दिलं, आता व्यवस्थित चालतो. पण मनात शंका आहे.
– एक वाचक, पाथर्डी फाटा

उत्तर : शंका अगदी बरोबर आहे आणि तो बायपास आजच काढायला लावा. आरसीसीबी बिघडला नव्हता, तो त्याचं काम करत होता.

स्टीलच्या नळीचा हीटर असेल तर आत तारेभोवती मॅग्नेशियम ऑक्साईडची पांढरी पावडर भरलेली असते. ती उष्णता नेते आणि वीज अडवते, पण टोकाचं सील जुनं झालं असेल तर ती हवेतली ओल ओढून घेते. चार महिने नाशिकचा पाऊस आणि दमट शेड म्हटल्यावर ओल जाणारच. मग थोडा करंट पावडरमधून नळीच्या स्टीलवर येतो, तेवढ्याने एमसीबीला काही फरक पडत नाही पण आरसीसीबी पडतो. बायपास केल्यावर तो करंट कुठे गेला नाही, तुमच्या हीटरच्या बॉडीवरच आहे, अर्थिंग शाबूत आहे म्हणून तुम्ही वाचताय.

वायरमनला मेगर (जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन मोजणारं यंत्र) घेऊन यायला सांगा, मल्टीमीटर नाही, मेगर, ५०० व्होल्टचा. हीटर लाईनपासून पूर्ण सोडवून फेज-न्यूट्रल एकत्र करून बॉडीशी मोजायचं. एक मेगओहमच्या खाली आलं तर हीटर वापरायचा नाही. नुसती ओल असेल तर गरम कोरड्या जागी काही दिवस ठेवल्यावर आकडा चढतो, परत मोजायचं, चढला नाही तर एलिमेंट बदलायचं. हीटर सोडवूनही आरसीसीबी पडत असेल तर दोष लाईनमध्ये आहे, आणि तिथे मी आधी न्यूट्रल बघेन, कारण नवीन लाईन टाकताना फेज आरसीसीबीमधून घेतलेला आणि न्यूट्रल दुसऱ्याच सर्किटचा उचललेला असं फार घरांत होतं. जाणारा आणि येणारा करंट सारखा आहे का एवढंच तो बघत असतो, येणारा दुसऱ्या वाटेने गेला की तो पडणारच.

पुढच्या वर्षीपासून हीटर घरात, माळ्यावर ठेवा, आणि दर महिन्याला आरसीसीबीचं टेस्ट बटण एकदा दाबत जा. दाबलं आणि पडला नाही तर तो बदलायचा.

प्रश्न : निफाडजवळ आमची द्राक्षबाग आहे, बाजूला कृषी पर्यटनाच्या चार खोल्या आणि जेवायला शेडनेटचा मांडव. थंडी तुम्हाला माहीतच आहे. मांडवात चार हीटर लावायचेत, मोटारीचं थ्री फेज कनेक्शन अगदी जवळ आहे, तिथून घेतलं तर? आणि बागेत पण काही लावता येतील का थंडीच्या लाटेत?
– द्राक्ष बागायतदार

उत्तर : दादा, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा पारा पाच अंशांच्या खाली गेल्याच्या बातम्या आपण सगळे वाचतो, तुमच्याकडची थंडी नाशिक शहरापेक्षा कडकच. पण मोटारीच्या कनेक्शनवरून हीटर नको. शेतीसाठी दिलेली वीज दुसऱ्या कामाला वापरणं हा वीज कायदा २००३ च्या कलम १२६ प्रमाणे अनधिकृत वापर होतो आणि त्याची आकारणी दुप्पट दराने होते. शिवाय शेतीच्या लाईनचे तास ठरलेले, पाहुणे जेवायला बसले आणि लाईट गेली असं व्हायचं. खोल्यांच्या कनेक्शनवर भार वाढवून घ्या.

मांडवाचं मला जास्त भय वाटतं. शेडनेट प्लॅस्टिकची असते, हीटरच्या उष्णतेने वितळते आणि तिचे पेटते थेंब खाली पडतात. बांबूच्या ताट्या, फ्लेक्स, ताडपत्री, सगळं त्याच जातीचं. हीटर नेटला किंवा बांबूला टांगायचा नाही, लोखंडी खांबावर लावा, तोंड खाली बसणाऱ्यांकडे, आणि वर, बाजूला, समोर कंपनीने सांगितलेलं अंतर सोडा. तेवढं अंतर मिळत नसेल तर हीटरच्या वरचा नेटचा पट्टा काढून तिथे पत्रा टाका. बाहेर उघड्यावर लावायचा हीटर आयपी ५५ किंवा ६५चा घ्या, आयपी म्हणजे धूळ-पाण्यापासून किती संरक्षण आहे तो आकडा. दुसरा आकडा पाण्याचा असतो, ४ म्हणजे शिंतोडे चालतील, ५ म्हणजे पाण्याची धार चालेल. तुमच्याकडे पहाटे दव पडतं, अवकाळी येतो, गारा येतात, तेव्हा यात काटकसर नको.

खोल्यांपासून मांडवापर्यंत केबल जमिनीतून नेणार असाल तर आर्मर्ड केबल, म्हणजे लोखंडी तारांचं कवच असलेली, अडीच फूट खोल चर, खाली-वर वाळू, वर विटा आणि पिवळी धोक्याची पट्टी. नुसत्या पाईपमधून साधी वायर नेली तर घुशी आणि कुदळ, दोघांपैकी कुणीतरी ती गाठणारच. आर्मरच्या तारा दोन्ही टोकांना ग्लँडमध्ये (केबल घट्ट धरणारा धातूचा जोड) पकडून अर्थिंगला जोडून घ्या.

बागेत हे हीटर काही कामाचे नाहीत, उघड्यावर त्यांची उष्णता दोन-तीन मीटरच्या पुढे जाणवत नाही, एकराला किती लावणार. तुम्ही पहाटे शेकोट्या करता, ठिबकने पाणी सोडता, तेच बरोबर आहे. एकच विनंती, थंडीत ती कोळशाची शेगडी पाहुण्यांच्या बंद खोलीत किंवा बंद तंबूत कुणी उचलून नेणार नाही एवढं बघा. कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो, झोपेतच माणूस जातो.

थोडक्यात काही उत्तरं

देवळालीहून विचारलंय, हीटर इन्व्हर्टरवर चालेल का. नाही. घरचा इन्व्हर्टर एवढ्या लोडसाठी नसतो. वायरिंग करतानाच हीटरची लाईन इन्व्हर्टरच्या बाहेर ठेवायला सांगा, नाहीतर लाईट गेली की सगळा भार त्याच्यावर येतो.

सिरॅमिक घ्यावा की हॅलोजन? सिरॅमिकला उजेड नसतो, डोळ्याला शांत, पण तापायला दहा-पंधरा मिनिटं लागतात आणि वारा असला की त्याची ऊब कमी जाणवते. बंदिस्त बाल्कनीला सिरॅमिक, वाऱ्याच्या गच्चीला हॅलोजन.

नळी कशी बदलायची असं विचारणाऱ्या ताईंना, काच बोटांनी धरू नका, बोटांचं तेल काचेवर राहतं, तिथे डाग पडून नळी लवकर जाते. स्वच्छ कोरडं फडकं घ्या, चुकून हात लागलाच तर स्पिरिटने पुसा. नळी आडवीच बसवायची असते, सोयीसाठी तिरकी करायची नाही.

बिलाचं विचारणाऱ्यांसाठी, २००० वॅटचा हीटर रोज तीन तास चालला तर दिवसाला ६ युनिट, महिन्याला १८०. ज्यांचं बिल एरवी १०१ ते ३०० युनिटच्या टप्प्यात असतं ते सहज ३०१ ते ५०० च्या टप्प्यात जातील आणि तिथे वरच्या युनिटांचा दर जास्त आहे, तेव्हा टायमर पैशाच्या दृष्टीनेही परवडतो.

आणि सातपूरहून आलेला प्रश्न, काम बरोबर झालंय हे आपल्याला कसं कळणार. काम लायसन्स असलेल्या माणसाकडूनच करून घ्या आणि पैसे द्यायच्या आधी त्याला तुमच्यासमोर चार गोष्टी करायला लावा. मेगरचा आकडा दाखवायचा, अर्थिंगचं रीडिंग दाखवायचं, टेस्ट बटण दाबून आरसीसीबी पाडून दाखवायचा, आणि हीटर पूर्ण लोडवर तासभर चालवून मग मेन बंद करून डीबीचं झाकण उघडायचं. आतला एखादा स्क्रू किंवा वायरचं टोक बाकीच्यांपेक्षा गरम असेल तर तो सांधा परत करून घ्यायचा. आकडे एका कागदावर तारखेसह लिहून घ्या आणि तो डीबीच्या झाकणाच्या आतून चिकटवा, पुढच्या वर्षी परत मोजताना कामाला येतो.